पठाराने दवडलेला दर्या

परभणी जिल्ह्यात समुद्राविषयी बोलणारा मनुष्य थोडासा संशयास पात्र ठरतो. ज्वारी, कापूस आणि तूर यांच्या भावांत वर्ष सरणाऱ्या या मुलखात खारे पाणी हा पाहुण्याच्या गप्पांचाच विषय. तथापि गंगाखेडच्या घाटावर ज्या गोदावरीत भाविक स्नान करतो, ती पुढे राजमहेंद्रीवरून पूर्वसमुद्रास मिळते, आणि तो किनारा एके काळी आमच्यावर अंमल करणाऱ्या निजामाच्याच दौलतीचा होता. १७६६ च्या तहाने निजामअलीने त्या किनाऱ्यावरची उत्तर सरकारे इंग्रज कंपनीच्या हवाली केली, १७८८ मध्ये राहिलेला गुंटूरचा पट्टाही गेला, आणि हैदराबादची दौलत समुद्रास कायमची पारखी झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा कोठे आमच्या राज्याला पुन्हा किनारा लाभला.

त्या किनाऱ्याकडे मोटारीने जाण्याचा छंद मला पुढे जडला. परभणीहून मानवत, पाथरी, माजलगाव, नगर असा पश्चिमेस निघालेला महामार्ग माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजूस पोहोचतो, आणि मराठी आरमाराचा आरंभही नेमका तेथलाच. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी खाडीत गलबते बांधण्याचे काम सुरू केले, त्यासाठी पोर्तुगीज कारागीरही चाकरीस ठेवले. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर वाढलेल्या एका राज्यकर्त्यास समुद्राचे मोल घाट उतरताक्षणीच उमगले होते. आज्ञापत्रकार रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले, ते याच दृष्टीचे फळ होय.

कल्याणच्या पुढे दक्षिणेचा प्रवास सावकाश करावा. अलिबागेस ओहोटीची वेळ विचारून कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जावे, आणि गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी पाहावी. १७२९ साली ते वारले तोवर पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्या दस्तकावाचून फिरणाऱ्या व्यापारी जहाजाला निर्धास्त राहता येत नसे. मुरूडला सिद्दीचा जंजिरा आणि त्याला शह देण्यासाठी महाराजांनी कासा बेटावर उभारलेला पद्मदुर्ग असे दोन जलदुर्ग समोरासमोर दिसतात. पुढे खाड्या आडव्या येतात. दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड येथे मोटार जंगलजेटीवर चढवावी लागते, आणि घड्याळावर चालणाऱ्या शहरी मनुष्याला तेथे बोटीच्या वेळेवर चालणे भाग पडते.

मालवणचा सिंधुदुर्ग कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात बांधला गेला. पायाच्या दगडांत शिसे ओतले असल्याचे तेथे आवर्जून सांगतात. परंतु कोरड्या प्रदेशातून गेलेल्या माझ्यासारख्याला अधिक विस्मय वाटला तो दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींचा. चोहीकडे खारा समुद्र असताना गोड्या पाण्याची बेगमी नसेल तर किल्ला वेढ्यात टिकणार नाही, ही गोष्ट दुष्काळ पाहिलेल्या परभणीकरास समजावून सांगावी लागत नाही.

मात्र या साऱ्या वाटेवर अंतःकरण खिन्न करणारे स्थळ विजयदुर्ग हेच आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसनचे आरमार समुद्रातून आणि क्लाइव्हचे सैन्य जमिनीवरून आंग्र्यांच्या या किल्ल्यावर चालून आले. तुळाजी आंग्रे यांच्याशी वितुष्ट आलेल्या नानासाहेब पेशव्यांची फौजही इंग्रजांच्याच बाजूने उभी होती. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या एका जहाजावर तोफेचा गोळा पडून आग लागली, ती शेजारी नांगरलेल्या जहाजांवर पसरली, आणि पाहता पाहता मराठ्यांचे सर्वांत समर्थ आरमार भस्मसात झाले. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

विजयदुर्गाहून गोव्यात दाबोळी विमानतळानजीकच्या नौदल वैमानिकी संग्रहालयात, १९९८ साली उघडलेल्या त्या आवारात, शिरावे म्हणजे मधल्या दोन शतकांची दरी मनात आपोआप उभी राहते. नौदलाचे पहिले विमान शॉर्ट सीलँड, विमानवाहू विक्रांतच्या डेकवरून १९७१ मध्ये उडालेली सी हॉक आणि अलिझे ही विमाने येथे आहेत. सर्वांत प्रचंड आहे ते सुपर कॉन्स्टलेशन. एअर इंडियाची प्रवासी वाहतूक करताना त्याचे नाव होते ‘रानी ऑफ एलोरा’. पुढे ते वायुदलात गेले आणि १९७६ मध्ये समुद्रावरील टेहळणीसाठी नौदलाकडे आले. आमच्या मराठवाड्याच्या वेरूळचे नाव मिरवणारे विमान अरबी समुद्राची राखण करीत होते, हे कळल्यावर त्या पत्र्याच्या धुडाविषयी आपुलकी वाटू लागते.

कारवारच्या किनाऱ्यावर ‘चपळ’ ही निवृत्त क्षेपणास्त्रवाहू युद्धनौका चढून पाहता येते. १६६५ मध्ये महाराज बसरूरच्या स्वारीहून परतताना याच कारवारावरून आले होते. नौकेच्या अरुंद शिड्या व बुटक्या दारांतून वाकून फिरताना खलाशाच्या संसाराची कल्पना येते. विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी, जी २००२ पासून तेथील वाळूवर संग्रहालय म्हणून उभी आहे, तीत ही कोंडी अधिकच जाणवते. ते विशाखापट्टणमही निजामाने दवडलेल्या किनाऱ्यावरचेच.

१७५६ आणि १७६६ ही दोन साले मी शेजारी ठेवून वाचतो. पुण्याच्या पेशव्यांनी पश्चिमेचे आरमार जळू दिले, हैदराबादच्या निजामाने पूर्वेचा किनारा देऊन टाकला. दोघांनाही समुद्र हा दौलतीच्या कडेचा, तडजोडीत सोडण्याजोगा भाग वाटला. दोघेही पठाराचे धनी होते. शाळेच्या सहली आखणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील गुरुजनांनी म्हणूनच विजयदुर्ग आधी आणि दाबोळी नंतर, असा क्रम ठेवावा. आरमार पठारावरच्या एका राजाने उभारले आणि दर्या पठारावरच्या धन्यांनीच दवडला. तेव्हा त्याचा हिशेब विचारण्याचा हक्क किनाऱ्यावरच्या माणसाइतकाच परभणीच्या विद्यार्थ्यालाही पोहोचतो.