ध्वनीमागचे हात : पॉडकास्ट स्टुडिओतील तंत्रज्ञाचे सेवाकार्य

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी 'इंतेर मिरिफिका' हे आदेशपत्र प्रसिद्ध केले. त्यातील सूचनेनुसार १९६७ पासून ख्रिस्तसभा जागतिक संपर्कमाध्यम दिन पाळत आली आहे. धर्मगुरू, व्रतस्थ आणि प्रापंचिक ह्यांना माध्यमांचे तांत्रिक शिक्षण मिळावे, असाही आग्रह त्याच आदेशपत्रात होता. ह्या शिक्षणाच्या एका नव्या शाखेची, म्हणजे पॉडकास्टच्या स्टुडिओत काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या कार्याची, आपण येथे ओळख करून घेऊ.

इंटरनेटवरून भागाभागाने प्रसारित होणारा आणि श्रोत्याला आपल्या सवडीने ऐकता येणारा कार्यक्रम म्हणजे पॉडकास्ट. हा शब्द २००४ साली प्रचारात आला. आता त्याला चित्राचीही जोड मिळाली आहे. १ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेत फादर माइक श्मिट्झ ह्यांनी वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून दाखविणारी ३६५ भागांची मालिका सुरू केली आणि ती तेथील लोकप्रिय पॉडकास्टच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२२ च्या संपर्कमाध्यम दिनासाठी 'हृदयाच्या कानाने ऐकणे' हा विषय निवडला होता. त्या संदेशात त्यांनी पॉडकास्टचा आवर्जून उल्लेख केला. विश्वास हा श्रवणातून येतो ही संत पौलाची शिकवण आपणांस परिचित आहे. मग ते श्रवण सुस्पष्ट करणाऱ्याचे काम गौण कसे म्हणता येईल?

आधी खोली, मग यंत्रे

महागडा मायक्रोफोन घेतला की आवाज आपोआप चांगला येतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तंत्रज्ञ प्रथम खोलीचा विचार करतो. उघड्या भिंती आणि फरशी ह्यांवरून आवाज परावर्तित होतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणूनच उंच छताच्या ख्रिस्तमंदिरात गायन भारदस्त वाटते, परंतु तेथे दुरून मुद्रित केलेले प्रवचन नीट कळत नाही. जाड पडदे, सतरंज्या, गाद्या, कपड्यांनी भरलेले कपाट ह्यांनी साधी खोलीही बरीच शांत करता येते. पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात आणि मोबाईल दूर ठेवावा.

त्यानंतर मायक्रोफोन. डायनॅमिक प्रकारचा मायक्रोफोन जवळचा आवाज घेतो आणि खोलीतील गोंगाट तुलनेने कमी पकडतो. कंडेन्सर मायक्रोफोन अधिक संवेदनशील असल्याने त्याला शांत खोली लागते. वक्त्याच्या तोंडापासून साधारण एक वीत अंतर ठेवले आणि मायक्रोफोन किंचित तिरपा धरला, तर 'प', 'फ', 'भ' ह्या वर्णांचा फटका बसत नाही. आवाजाची पातळी अशी ठेवतात की मोठ्यात मोठा शब्दही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा. शून्याच्या पलीकडे गेलेला आवाज फाटतो आणि तो पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य असते. प्रत्येक वक्त्याचे मुद्रण स्वतंत्र केल्यास एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्यावर येत नाही.

चित्र असेल तेव्हा काम दुप्पट होते. आपल्या देशातील विजेची आवर्तने ५० हर्ट्झ असल्याने कॅमेऱ्याचा शटर वेग १/५० ठेवतात, अन्यथा काही दिव्यांच्या प्रकाशात चित्र लुकलुकते. आरंभी एक टाळी वाजवून घेतली, तर ओठांची हालचाल आणि आवाज पुढे अचूक जुळविता येतात.

कात्री आणि सत्य

मुद्रण संपल्यावर संकलन सुरू होते. अडखळणे, पुनरुक्ती, लांबलेली शांतता काढून टाकली जाते. शेवटी संपूर्ण भागाची सरासरी पातळी ठरावीक मापावर आणतात. ॲपलने पॉडकास्टसाठी उणे १६ एलकेएफएस हे माप सुचविले आहे. त्यामुळे श्रोत्याला दर वेळी आवाज कमीजास्त करावा लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या आजीला लहानशा मोबाईलवर प्रभुशब्द कळावा, ह्यासाठी ही खटपट असते. आजारपणामुळे मिस्साला जाऊ न शकलेल्या संत क्लारेला खोलीतच नाताळच्या मिस्साचे दर्शन घडले, अशी परंपरा आहे. म्हणूनच १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती घोषित करण्यात आले. घरात अडकलेला श्रोता हा ह्या सेवेचा पहिला मानकरी आहे.

मात्र संकलनाची कात्री नैतिक जबाबदारीही आणते. 'परंतु' हा एक शब्द कापला तरी वक्त्याचे म्हणणे उलटे होऊ शकते. भावनेच्या भरात एखादी भगिनी आपल्या कुटुंबाचे दुःख बोलून जाते. तिची पूर्ण संमती नसता ते जगासमोर नेणे योग्य नव्हे. आज यंत्राद्वारे हुबेहूब मानवी आवाज निर्माण करता येतो. अशा काळात न बोललेले शब्द कोणाच्याही मुखी न घालणे हे तंत्रज्ञाचे व्रतच मानावे लागेल.

जतन करण्याची निकड

वसईतील आपल्या ज्येष्ठांच्या मुखी सामवेदी आणि वाडवळी बोलीतील लग्नगीते, आठवणी, प्रार्थना अजून आहेत. ह्या व्यक्तींबरोबर तो ठेवाही जाणार आहे. एका आवाजाचे तासाभराचे उत्तम दर्जाचे मुद्रण सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेते, म्हणजे साठवणुकीचा खर्च आज अडसर राहिलेला नाही. अडसर आहे तो शिकलेल्या हातांचा. मूळ मुद्रणाच्या तीन प्रती, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम प्रत्येक धर्मग्रामाने पाळावा.

शेवटी एक स्पष्ट गोष्ट. तासाभराच्या कार्यक्रमामागे संकलनाचे कित्येक तास असतात. 'देवाचे काम आहे' असे म्हणून हे श्रम नेहमीच विनामूल्य मागणे न्याय्य नाही. योग्य वेतनाचा हक्क पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ सालीच 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकात मांडला होता. जो तरुण स्वेच्छेने सेवा देतो त्याचे ऋण मानावे. जो ह्यावर उपजीविका करतो त्याला त्याचा मोबदला द्यावा. धर्मग्राम परिषदांनी वार्षिक अंदाजपत्रकात ह्यासाठी तरतूद करावी आणि युवक-युवतींना प्रशिक्षणास पाठवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

१९५१ साली दूरसंचाराचा आश्रयदाता घोषित झालेला देवदूत गाब्रिएल ह्या पडद्याआडच्या सेवकांसाठी मध्यस्थी करो.