मानधनातला मान आणि धन

मी काही वर्षे आमच्या मंडळीचा खजिनदार होतो. मंडळी म्हणजे एका चर्चचा उपासकवर्ग, आणि तिचा धर्मगुरू तो पाळक. सुगीच्या सणाला लोक धान्य, भोपळे, कोंबड्या अर्पण करीत, त्यांचा लिलाव होई आणि पाळकसाहेबांना शाल-श्रीफळ मिळे. त्या वर्षी मात्र त्यांचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. शाल वेळेवर आणि पगार उशिरा, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

नव्या करारात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१७), मंडळीचा कारभार नीट पाहणाऱ्या वडिलांना दुप्पट सन्मान द्यावा असे सांगितले आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द 'तिमे'. त्याचा अर्थ मान, तसाच मोल किंवा किंमतही. लगेच पुढे मळणीच्या बैलाला मुसके न बांधण्याचा दाखला येतो. म्हणजे नुसत्या आदरावर भागवायचे नाही. आपल्या 'मानधन' शब्दात हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी बसले आहेत. गंमत अशी की पाळकाचा हा हक्क ठासून सांगणारा पौल स्वतः करिंथ शहरात तंबूंचा धंदा करून पोट भरत होता.

मराठी मंडळ्यांत हा शब्द मधोमध फुटला. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली सुरू झाले. पुढे पाळक इथले झाले, पण पैशाचा मोठा ओघ समुद्रापलीकडूनच येत राहिला. रेव्हरंड ना. वा. टिळकांना हेच सलत होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा, आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. परक्या पैशावर पोसलेला उपदेशक लोकांना परकाच वाटणार, असा त्यांचा रोख होता. या मातीला संन्यासी कळतो, पगारदार कळत नाही. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली.

टिळकांच्या त्यागावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र 'स्मृतिचित्रे' जमाखर्चाच्या अंगाने वाचावीशी वाटतात. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दारी आलेला माणूस रिकाम्या हाती जात नसे. त्या घरात चूल पेटती ठेवायची ती लक्ष्मीबाईंनी. त्या हे हसत सांगतात, म्हणून आपण हसतो आणि पान उलटतो. संन्यासी होण्याचा निर्णय एकाचा. डाळ-तांदळाचा हिशेब दुसरीकडे. टिळकांच्या पश्चात त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम केले. कवीच्या गौरवात ही नोंद सहसा येत नाही.

आमच्या सभेत एक ज्येष्ठ म्हणाले, "पाळक सेवेला आलेत, पगाराला नव्हे." मला तेव्हा उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी पाळकीणबाईंकडे गेलो. त्यांनी काही न बोलता वाण्याच्या उधारीची वही पुढे केली. त्यांची परवानगी घेऊन पुढच्या सभेत मी ती वही मंडळीच्या जमाखर्चाशेजारी टेबलावर ठेवली.