घटकाभर कीं घटकेंत?

गेल्या महिन्यांत सानपाड्याच्या आमच्या घरीं एका चिमुकल्या इंग्रजी शब्दानें मोठा घोटाळा केला. पुण्यास नोकरीस असलेल्या नातवाचा पनवेलहून भ्रमणध्वनीवर संदेश आला: 'होम फॉर अ व्हाइल.' आम्हीं अर्थ सांगितला, "घटकाभर येतो आहे." त्याच्या आजीनें पुरणाची डाळ उतरवून ठेविली आणि डोळ्यांस पदर लावला. तासाच्या आंत नातू आठ दिवसांची रजा घेऊन दारांत उभा! त्यास 'इन अ व्हाइल', म्हणजे 'घटकेंत पोंचतों', असें लिहावयाचें होतें.

'फॉर' काळाची लांबी मोजतो. 'इन' तो काळ सरल्यावर होणारी गोष्ट दाखवितो. 'फॉर अ मिनिट' थांबावें, 'इन अ मिनिट' यावें. पाणिनीनें हाच भेद विभक्तींनीं केला आहे: क्रियेनें सलग व्यापलेल्या काळास द्वितीया, दोन क्रियांमधील काळास सप्तमी किंवा पंचमी. मराठींत तेंच काम 'भर' आणि सप्तमीचा 'त' करितात.

मापें मात्र वापरानें सैल होतात. घटका म्हणजे 24 मिनिटें, पळ म्हणजे 24 सेकंद. मध्ययुगीन इंग्लंडांत 'मोमेंट' हा तासाचा चाळिसावा भाग, सरासरी 90 सेकंद होता. आज तो क्षणाएवढा. 'व्हाइल' त्याहून लांब, पण अनिश्चित.

हें नातवास समजावीत होतों, तोंच आजी म्हणाली, "घटकाभर राहूं द्या तें व्याकरण; घटकेंत पानें वाढतें." तिला इंग्रजी येत नाहीं, चूक मात्र एकही झाली नाहीं.