यीस्टच्या रायबोसोमचा तिसरा मदतनीस

प्रथिननिर्मिती शिकवताना आपण फळ्यावर रायबोसोम काढतो आणि त्यात ए, पी व ई या तीन जागा दाखवतो. वाहक आरएनए अमिनो आम्ल घेऊन ए जागेत येतो, पीमध्ये सरकतो आणि ईमधून बाहेर पडतो. आकृतीत हे सारे आपोआप घडल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात पावलोपावली मदतनीस प्रथिने लागतात.

पावाचे पीठ फुगवणाऱ्या यीस्टचेच उदाहरण घेऊ. ईईएफ१ए हे प्रथिन वाहक आरएनएला ए जागेत आणून पोचवते. पेप्टाइड बंध जोडण्याचे काम मात्र रायबोसोममधील आरएनएच करतो. मग ईईएफ२ सगळा संच तीन अक्षरांनी पुढे सरकवते. दोघेही जीटीपी खर्च करतात आणि दोघेही आपल्या पेशींत आहेत.

१९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात यीस्टचे आणि उंदराच्या यकृताचे रायबोसोम परीक्षानळीत शेजारी शेजारी तपासले गेले. यकृताच्या रायबोसोमला हे दोन मदतनीस पुरले, मग ते यीस्टचे का असेनात. यीस्टचा रायबोसोम मात्र उंदराचे मदतनीस देऊनही तेवढ्यावर चालेना. म्हणजे फरक मदतनिसांत नव्हता, रायबोसोममध्येच होता! (अदलाबदलीची ही युक्ती विद्यार्थ्यांना आधी स्वतः सुचते का, ते जरूर पाहावे.) त्याला हवे असलेले तिसरे प्रथिन म्हणजे ईईएफ३.

हे १०४४ अमिनो आम्लांचे प्रथिन जीटीपीऐवजी प्रामुख्याने एटीपी वापरते. रायबोसोमच्या दोन्ही भागांना बाहेरून धरून ते ई जागेजवळ बसते आणि काम संपलेल्या वाहक आरएनएला बाहेर पडायला मदत करते. त्याच्यावाचून यीस्ट जगत नाही.

वैद्यकालाही यात रस आहे. जीवाणूंचे रायबोसोम आपल्यापेक्षा बरेच वेगळे, म्हणून स्ट्रेप्टोमायसिन त्यांना अडवते आणि आपल्याला सहन होते. बुरशी मात्र आपल्या जवळची नातेवाईक. सायक्लोहेक्सिमाइड यीस्टची प्रथिननिर्मिती थांबवते, तशीच आपलीही थांबवते. ते रुग्णाला देणार कसे? ईईएफ३ कँडिडासारख्या रोगकारक बुरशींत आहे, माणसात नाही. तरीही त्याला अडवणारे औषध अजून वापरात आलेले नाही. ईईएफ३च्या घराण्यातील, एटीपी वापरणारी इतर प्रथिने आपल्या पेशींतही आहेत, आणि त्यांना धक्का न लावणारे रसायन शोधावे लागते.