आधी दिनचर्या, मग नकाशा

अहिल्यानगरच्या कापडबाजारात किंवा डाळमंडईत ज्या जैन व्यापारी कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या नांदल्या, त्यांच्या घरांची रचना साधी होती. रस्त्याच्या अंगाला दुकान, दुकानात गादी-तक्क्या, त्यामागे माजघर आणि स्वयंपाकघर, वरच्या मजल्यावर निजण्याच्या खोल्या. राजस्थानातून येऊन या मुलखात स्थिरावलेल्या ओसवाल घराण्यांची पेढी आणि चूल एकाच छताखाली असे. दिवस कलला की आतून जेवणाची हाक येई. सूर्यास्तापूर्वी पान वाढले जाई आणि पंधरा-वीस मिनिटांत गृहस्थ पुन्हा गादीवर दिसे. त्या घरांत उजेड कमी होता, जिने उभे होते, शौचालय दूर होते. तरीही घरातला धर्म आणि दुकानातला व्यवहार त्या रचनेने एकमेकांशी सहज बांधून ठेवला होता.

आता सावेडी, केडगाव यांसारख्या उपनगरांत, तसेच श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव येथील नव्या वसाहतींत कुटुंबे बंगले बांधत आहेत. घरे प्रशस्त झाली आहेत, पण दुकान तीन-चार किलोमीटर दूर राहिले आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि नेमकी तीच बाजारात गिऱ्हाइकाची वेळ असते. जुने घर ज्या गोष्टी न बोलता सांभाळत होते, त्या आता कागदावर विचारपूर्वक मांडाव्या लागतात. नव्या घराचा नकाशा काढताना खोल्यांची संख्या सर्वांना आठवते. घरातल्या माणसांचा दिवस मात्र पुष्कळदा विसरला जातो.

दिवसाचा आलेख

आर्किटेक्टकडे जाण्यापूर्वी कुटुंबाने एका वहीत आपला दिवस लिहून काढावा. पहाटे सर्वांत आधी कोण उठते, सामायिक कोण व कुठे करते, नवकारशीनंतर चहा कोठे होतो, मुले अभ्यासाला कोठे बसतात, धोवण पाणी कोठे ठेवले जाते, संध्याकाळी दुकानातून कोण किती वाजता परततो, पर्युषणात व चातुर्मासात किती पाहुणे मुक्कामाला असतात. या वहीवर घरातील सुनांचे म्हणणे अवश्य यावे. स्वयंपाकघरात रोज पाच-सहा तास ज्यांना उभे राहायचे आहे, त्यांना नकाशाच्या बैठकीत केवळ चहापुरते बोलावणे अन्यायाचे आहे, आणि त्याची किंमत पुढे सगळ्या घराला मोजावी लागते.

दोन गुंठ्यांचे गणित

उदाहरणादाखल दोन गुंठ्यांचा, म्हणजे २१७८ चौरस फुटांचा भूखंड घेऊ. कुटुंब आठ माणसांचे: आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन सुना आणि दोन मुले. नियमानुसार चहूबाजूंची मोकळी जागा सोडून तळमजल्यावर ११०० चौरस फूट बांधकाम करायचे आहे, असे समजू.

हॉल १४ × १२ फूट, आजी-आजोबांची खोली १२ × १२, तिला जोडून स्नानगृह व शौचालय ८ × ५, स्वयंपाकघर १२ × १०, जेवणाची जागा १२ × १२, कोठीची खोली ८ × ६, धुण्या-भांड्यांची जागा ६ × ६, सामायिकाची खोली १० × ८, जिना १४ × ७ आणि पाहुण्यांसाठी शौचालय ७ × ४. याची बेरीज ९०६ चौरस फूट होते. भिंती आणि येण्याजाण्याची वाट यांसाठी साधारण पाचवा हिस्सा आणखी धरला, की आकडा १०८७ वर जातो. म्हणजे इच्छा आणि जागा यांचा मेळ जेमतेम बसला. यात हॉल २० फुटांचा करण्याचा मोह झाला, तर सहसा कात्री लागते ती कोठीला, सामायिकाच्या खोलीला किंवा वृद्धांच्या स्नानगृहाला. महिन्यातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी रोजची सोय कापायची का, हा प्रश्न कुटुंबाने उघडपणे विचारावा.

स्वयंपाकघर आणि मावळतीचा उजेड

वास्तुशास्त्रात स्वयंपाकघरासाठी आग्नेय दिशा सांगितली आहे आणि बहुतेक कुटुंबे ती पाळतात. आग्नेयेला सकाळचे ऊन चांगले मिळते; संध्याकाळी मात्र तो कोपरा लवकर अंधारतो. चौविहार पाळणाऱ्या घराला दिवसातला शेवटचा उजेड जेवणाच्या पानावर हवा असतो. म्हणून स्वयंपाकघर आग्नेयेस ठेवून जेवणाची जागा त्याला लागून पश्चिमेकडे घेतली, तर दोन्ही गोष्टी साधतात. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाळ्यात ऊन थेट आत शिरते. तिच्यावर खोल सज्जा आणि बाहेरून जाळी असावी, किंवा त्या बाजूला पडवी घ्यावी.

राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण व कोरड्या हवामानासाठी खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या निदान एक दशांश असावे, असा दंडक आहे. १४४ चौरस फुटांच्या जेवणाच्या खोलीला त्या हिशेबाने साडेचौदा चौरस फूट लागतात. ४ × ४ फुटांची एक खिडकी ते काम करते. समोर शेजारची भिंत पाच-सहा फुटांवर असेल, तर याहून मोठी खिडकी घ्यावी.

ओट्याची मांडणी तीन भागांत करावी: पाण्याची जागा, अग्नीची जागा आणि कोरडी जागा. मोरी व पिण्याचे पाणी एका टोकाला, शेगडी दुसऱ्या भिंतीला आणि तयार स्वयंपाक ठेवण्याचा कोरडा ओटा या दोहोंपासून वेगळा, जेवणाच्या बाजूला. कोठीची खोली स्वयंपाकघराला लागून, पण मोरीच्या भिंतीपासून दूर हवी. ओल आली की धान्यात जीव पडतात आणि मग ते निवडताना होणारी हिंसा टाळता येत नाही. पिठाची काळमर्यादा पाळणाऱ्या घरात घरगुती पिठाच्या गिरणीची जागाही कोठीतच, विजेच्या जोडणीसह, आधी ठरवावी.

गोचरीची वाट

या जिल्ह्याला साधु-साध्वींच्या विहाराची जुनी ओळख आहे. श्रमण संघाचे आचार्य आनंदऋषीजी म. सा. यांचा जन्म १९०० साली पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे झाला आणि १९९२ मध्ये नगरमध्येच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या स्मृतीला वंदन करण्यासाठी दूरदूरचे भाविक येथे येत असतात. अशा ठिकाणी घर बांधताना गोचरीचा विचार नकाशात असणे स्वाभाविक आहे.

दशवैकालिक सूत्राच्या पिंडैषणा अध्ययनात साधूंनी ठेंगण्या दाराची व अंधारी खोली टाळावी, असे सांगितले आहे. तेथे सूक्ष्म जीव डोळ्यांना दिसत नाहीत. गृहस्थाच्या घराला उजेड का हवा, याचे इतके जुने आणि इतके नेमके कारण दुसरीकडे क्वचितच सापडेल. स्थानकवासी परंपरेत महासतीजी विजेची घंटा वाजवत नाहीत. त्यांच्यासाठी दिवा लावला, कच्च्या पाण्याला किंवा हिरव्या भाजीला स्पर्श करून वाढायला गेले, तर आहार असूझता ठरतो. आज फाटकाला कुलूप, दाराला आकडी कळ आणि आत काळोखी मार्गिका असे घर बांधले, तर महासतीजी दारावरून पुढे जातात आणि घरच्यांना ते समजतही नाही.

यावर उपाय खर्चिक नाहीत. फाटकापासून दारापर्यंतची वाट फरसबंद असावी. तिच्यावर हिरवळ, कुंड्यांतून झिरपणारे पाणी किंवा धुण्याची मोरी नसावी. हॉल ओलांडून जेवणाच्या जागेपर्यंत दिव्याशिवाय चालता येईल एवढा उजेड असावा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून किंवा ओट्याजवळून मुख्य दार दिसावे, म्हणजे दुपारी गोचरीच्या वेळेस दार उघडे ठेवूनही घर सुरक्षित राहते. आणि वर सांगितलेला कोरडा ओटा असेल, तर संघट्टा न होता भावपूर्वक वहोरावता येते. दिगंबर परंपरेतील कुटुंबांना मुनींच्या आहारासाठी शुद्ध चौका लागतो. त्यांनी पडगाहनासाठी दारापुढे मोकळी जागा आणि चौक्यापर्यंतची सरळ वाट राखून ठेवावी.

अठ्ठेचाळीस मिनिटांची खोली

सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे असते. तेवढा वेळ कोणी हाक मारू नये, कळ दाबावी लागू नये, शेजारी नळ वाहू नये, एवढीच त्या खोलीची मागणी आहे. १० × ८ फुटांत घरातील आठही माणसे आसन घालून बसू शकतात. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी, एका भिंतीत धर्मग्रंथांचे कपाट, दुसरीकडे आसने, पुंजणी व मुखपत्ती ठेवण्याची जागा पुरते. तिची भिंत हॉलमधील दूरचित्रवाणीच्या भिंतीला लागू नये. मूर्तिपूजक कुटुंबांत येथे घरदेरासर असेल, तर त्याच्या वर शौचालय किंवा शयनगृह येणार नाही, हे पाहावे लागते. म्हणूनच दोन्ही मजल्यांचे नकाशे एकदम काढावेत. तळमजला बांधून झाल्यावर वरचा विचार सुरू केला, तर ही चूक दुरुस्त होत नाही.

आजी-आजोबांची खोली तळाशीच

जुन्या घरात आजी ओसरीवर बसून भाजी निवडत सगळ्या गल्लीशी बोलत असे. नव्या बंगल्यात तिची खोली मागच्या कोपऱ्यात गेली, की आठवडाभर तिला बाहेरचे माणूस दिसत नाही. तिची खोली तळमजल्यावर, दर्शनी बाजूस, पडवीला लागून असावी. शौचालय खोलीला जोडलेले, दार निदान तीन फूट रुंद, आत-बाहेर उंबरा नसलेले आणि भिंतीला धरायला दांडी असलेले हवे. चाकाची खुर्ची वळायला पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार करताना प्रत्येक एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरतात. जोते दीड फूट असेल तर उतार अठरा फुटांचा होतो. तो बाजूच्या मोकळ्या जागेतून सहज नेता येतो, पण आधी आखला तरच. घरातल्या माणसाचे गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर अठरा फूट शोधत फिरणारी कुटुंबे कमी नाहीत.

जिनाही असाच. दहा फूट उंची चढायला सहा इंचांच्या वीस पायऱ्या आणि अकरा इंचांची पाऊलजागा ठेवली, तर १४ × ७ फुटांत दोन टप्प्यांचा सुखकर जिना बसतो. उन्हाळ्यात पापड, कुरडया आणि वर्षाचे गहू घेऊन गच्चीवर याच जिन्याने जायचे असते, हे विसरू नये.

एक चूल, दोन चुली

सर्वांत अवघड प्रश्न नकाशावर सहसा कोणी काढत नाही. दोन भाऊ आज एकत्र आहेत. पुढेही राहावेत, हीच वडिलांची इच्छा असते. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघराची सोय ठेवणे म्हणजे वेगळे होण्याला आमंत्रण, असे मानून तो विषय मिटवला जातो. पुढे मुले मोठी होतात, कोणाचे पथ्य वेगळे असते, कोणाची नोकरीची वेळ वेगळी, आणि गरज उभी राहते तेव्हा गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याखाली शेगडी मांडली जाते. त्यातून होणारी कटुता घराच्या खर्चापेक्षा महाग पडते.

शहाणपण यात आहे, की तळमजल्याच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर एक लहान खोली ठेवावी आणि पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळ्या तेथपर्यंत नेऊन बंद करून ठेवाव्यात. आज ती मुलांच्या अभ्यासाची खोली असेल. जिना मुख्य दाराजवळून सुरू करावा, जेवणाच्या खोलीतून नव्हे. त्यामुळे उद्या वरचा संसार स्वतंत्र झाला, तरी भावांचे संबंध दाराच्या वादात अडकत नाहीत. सोय ठेवल्याने कुटुंब फुटत नाही. पुष्कळदा तीच त्याला एका आवारात राखते.

ऊन आणि पाणी

हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथील जुन्या माळवदाच्या घरांवरचा मातीचा जाड थर उन्हाळ्यात खोल्या थंड ठेवी. निजामशाहीतला फराहबाग तर तलावाच्या मधोमधच उभारला गेला. आज सिमेंटच्या स्लॅबखाली राहताना पश्चिम-दक्षिणेला जिना, कपाटे व स्नानगृहे यांची रांग घेतली, तर निजण्याच्या खोल्यांना उन्हाची थेट झळ लागत नाही. जेवणाच्या खोलीपुरती पश्चिमेची फट मोकळी ठेवली की झाले. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस धरला, तरी हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सुमारे ४६ हजार लिटर पाणी पडते. गळती वजा जाता ३७ हजार लिटर हाती लागावे. त्याची झाकलेली टाकी वाहनतळाखाली आखावी. पाणी उघडे साचू न देणे हे आरोग्याचेही सूत्र आहे आणि जयणेचेही.

फक्कीची रेघ

नकाशा पक्का होण्यापूर्वी एका रविवारी सगळ्या कुटुंबाने भूखंडावर जावे. गवंड्याकडून फक्कीने खोल्यांच्या रेघा जमिनीवर आखून घ्याव्यात. आजोबांनी आपल्या खोलीतून शौचालयापर्यंत चालून पाहावे, सुनांनी ओट्याच्या जागी उभे राहून दार दिसते का ते पाहावे, मुलांनी जिन्याच्या रेघेवर बसावे. सूर्य मावळेपर्यंत तेथेच थांबावे आणि शेवटचे ऊन कोणत्या खोलीत रेंगाळते, याची खूण करून घ्यावी. जेवणाचे टेबल तेथे मांडायचे आहे. दुकानातून घाईने परतणाऱ्या माणसाला तेवढी दहा-पंधरा मिनिटे उजेडाची मिळाली, तर तो बाजारात न थांबता घरच्या पानावर बसेल.