अडलेला अंतरा

घाटकोपरच्या ज्या बारमध्ये मी ढोलक वाजवायचो, तिथला स्टेज काढून यंदा कॅराओकेचा पडदा बसवला. गाऊ द्या लोकांना. पण त्या यंत्रात संगीतकार जयदेव शोधले, तर गाडी ‘हम दोनो’च्या पुढे सरकेना.

त्या बारमधला माझा खरा काळ १९९५ ते २००५चा.

सुरुवातीला मॅनेजरला ‘फडकतं’ हवं असायचं. आम्ही निमूट द्यायचो. रात्र चढली की रोजची गिऱ्हाइकं उरायची आणि वेटरच्या ट्रेमधून चिठ्ठ्या यायच्या. ‘किनारे किनारे’, तलत. १९६३च्या या चित्रपटात तलत, मुकेश आणि मन्ना डे यांचे आवाज, संगीत जयदेवांचं. आमच्या गायकाला मुखडा यायचा, अंतरा अडायचा. मग कोपऱ्यातला एक सोनार टेबलावरूनच ओळ पुरवायचा. संगीतकार सज्जादचा ‘रुस्तम सोहराब’ आम्ही असाच बसवला. ‘दत्ताराम ठेका’ प्रत्येक ढोलकवाल्याच्या हातात असतो. पण त्या दत्तारामांच्या आणि एन. दत्तांच्या, या दोन्ही गोवेकरांच्या, कमी वाजलेल्या चाली मला भेटल्या त्या बारमध्येच.

त्याच काळात शहरातले जाणकार सभागृहांत ‘दुर्मिळ’ गाणी ऐकत होते. दुर्मिळ म्हणजे रेडिओवर जरा कमी लागणारी. त्यांतल्या एकाने ‘तुम्ही बारमध्ये वाजवता ना?’ एवढं विचारून मला कार्यक्रमातून गाळलं.

डान्स बारवरची २००५ची बंदी नाचावर होती, गाण्यावर नव्हती. बड्या हॉटेलांना तर नाचही माफ होता. उच्च न्यायालयाने २००६मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये तो निकाल उचलून धरला. तोवर आमच्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ फक्त पाटीवर उरला होता. वादकांच्या जागी ट्रॅक आले, धाडीच्या धास्तीने जुनं गिऱ्हाईक घरी बसलं, चिठ्ठ्या थांबल्या.

आता म्हणतात, सगळं यूट्यूबवर आहेच. आहे ना. पण कुणी मागितल्याशिवाय वादक गाणं बसवत नाही, आणि बसवल्याशिवाय ते पुढच्या गळ्यात उतरत नाही. मागणारा लागतो, तोही हट्टी. दुर्मिळ गाणी जपल्याबद्दल शाली वाटायच्याच असतील, तर पहिली त्या सोनाराला द्या.