कराराचे स्वातंत्र्य आणि कामाचे तास

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत तेथे यंत्रोद्योगाची जी वाढ झाली, तिच्यामुळे मालक व मजूर यांचे परस्परसंबंध मुळापासून पालटले. कायद्याच्या दृष्टीने मजूर मालकाशी हवा तो करार करण्यास मोकळा होता. परंतु काम नाकारल्यास ज्याच्या घरची चूल पेटत नाही, त्याच्या या मोकळिकीला अर्थ तो किती, असा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी प्रागतिक सुधारकांनी उपस्थित केला. त्याचा निकाल अखेर न्यायालयातच लागावयाचा होता.

न्यूयॉर्क राज्याने १८९५ मध्ये बेकरीतील कामगारांसाठी दिवसाला १० व आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली. युटिका येथील बेकरीमालक जोसेफ लॉकनर याने तिला आव्हान दिले. १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा निर्बंध अवैध ठरविला. राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ मध्ये झाली, ती मुख्यतः मुक्त झालेल्या गुलामांच्या हक्कांचे रक्षण व्हावे म्हणून. तिच्यातील ‘स्वातंत्र्य’ या शब्दातच कराराचे स्वातंत्र्य अंतर्भूत आहे, असा बहुमताचा आशय होता. राज्यघटना कोणत्याही एका अर्थशास्त्रीय सिद्धांताला बांधलेली नाही, असे भिन्न मत न्यायमूर्ती होम्स यांनी नोंदविले.

तीनच वर्षांनी ऑरेगन राज्याचा निर्बंध न्यायालयापुढे आला. त्या निर्बंधाने कारखाने व धुलाईगृहे यांतील स्त्रियांचे काम १० तासांपुरते मर्यादित केले होते. फ्लॉरेन्स केली व जोसेफिन गोल्डमार्क यांच्या साहाय्याने लुई ब्रँडाइस यांनी शंभराहून अधिक पृष्ठांचे निवेदन सादर केले. त्यात कायद्याची चर्चा अवघी दोन पृष्ठे होती. उरलेला भाग कारखाना-निरीक्षक व वैद्य यांच्या अहवालांनी भरलेला होता. १९०८ मध्ये न्यायालयाने एकमताने निर्बंध उचलून धरला.

या विजयाला एक उणी बाजूही होती. स्त्री ही शरीराने दुबळी व भावी माता, म्हणून तिला संरक्षण, असा त्या निर्णयाचा आधार होता. मजूर म्हणून तिचा हक्क त्यात मान्य झाला नव्हता. याची किंमत १९२३ मध्ये द्यावी लागली. १९२० च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने स्त्रियांना मताधिकार मिळाल्यामुळे त्यांची विशेष स्थिती जवळजवळ संपुष्टात आली आहे, असे कारण पुढे करून त्यांच्या किमान वेतनाचा निर्बंध न्यायालयाने रद्द केला. जी समता सुधारकांनी मागितली, तीच त्यांच्याविरुद्ध वापरली गेली.

हा पेच १९३७ मध्ये सुटला. वॉशिंग्टन राज्याचा किमान वेतनाचा निर्बंध ५ विरुद्ध ४ मतांनी ग्राह्य ठरवून न्यायालयाने १९२३ चा निर्णय मोडीत काढला. पुढे १९३८ च्या संघीय कायद्याने किमान वेतन व जादा कामाचा वाढीव मोबदला हे लाभ स्त्री-पुरुष असा भेद न करता लागू केले, आणि १९४१ मध्ये न्यायालयाने तोही कायदा मान्य केला. संरक्षणाचे समर्थन मजुराच्या दुबळेपणावरून हलून करार करणाऱ्या दोन पक्षांच्या विषम बळावर येण्यास जवळजवळ तीन दशके लागली.